तुमच्या आईबद्दलच्या त्या दोन ओळींसाठी

आदरणीय अर्थतज्ज्ञ आर्थर लुईस सर,
सादर नमस्कार.

तुम्ही १९९१ साली गेलात, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. पत्र पोहोचायचं नाही हे कळतं, तरी लिहिल्याशिवाय राहवत नाही. 'सर' ही पदवी तुम्हाला १९६३ साली मिळाली. मी म्हणते ते मात्र आम्ही शाळेत गुरुजींना म्हणतो ते 'सर'.

मागच्या आठवड्यात माझा अर्थशास्त्राच्या एम.ए.चा निकाल लागला. पेढे वाटताना आई म्हणाली, "ज्यानं ज्यानं हात दिला त्याला आधी नेऊन दे." माझ्या मनात पहिलं नाव तुमचं आलं.

आई इचलकरंजीत यंत्रमाग कामगारांना डबे देते. मी सात वर्षांची असताना वडील गेले आणि तेराव्यानंतर चार दिवसांत तिनं पोळपाट हातात घेतला. घराण्याची अब्रू चुलीवर मांडली, असं भावकी म्हणाली. मदतीला कुणी आलं नाही, बोलायला सगळे आले. पुढे कॉलेजात एका प्राध्यापकांनी भर वर्गात मला सांगितलं, "डबेवालीच्या पोरीनं टायपिंग शिकावं, सिद्धान्ताच्या मागे लागू नये." त्या दिवशी घरी येऊन मी मुकाट्यानं डबे भरले. आईला ते आजवर सांगितलेलं नाही.

गरीब देशांच्या विकासावरचा तुमचा १९५४ चा निबंध आमच्या गाइडमध्ये एका आकृतीत आणि दहा गुणांत उरकलेला असतो. मी मूळ निबंध शोधून वाचला. आकृत्यांच्या आधी तुम्ही माणसं दाखवलीत. गोदीवरचे मजूर, पाहुणा दिसताच पिशवी उचलायला धावणारी पोरं, किरकोळ विक्रेते आणि घरातल्या बायका. बायकांचं घरातलं काम घराबाहेर, मोबदल्याच्या कामात जाणं ही विकासाची ठळक खूण आहे, असं तुम्ही लिहिलंत. भावकीनं जिला अब्रू म्हटलं होतं, तिची ही दुसरी बाजू मला तिथं पहिल्यांदा भेटली.

गावाकडे शेतीवर जेमतेम पोट भरणारी माणसं येत राहतात तोवर कारखान्यातली मजुरी फारशी वर सरकत नाही, नफा वाढतो आणि त्यातून नवे कारखाने उभे राहतात, ही तुमची मांडणी. आई हेच वर्षानुवर्षं बोलत आली आहे. "गाड्या भरून पोरं उतरतायत, मग पगार कोण वाढवंल?" मूळ निबंध वाचल्यावर मला कळलं की माझं अर्धं अर्थशास्त्र आमच्या ओट्यावरच झालं होतं.

पण ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते वेगळंच आहे. १९७९ चं नोबेल मिळाल्यावर तुम्ही स्वतःबद्दल एक छोटं टिपण लिहिलंत. कॅरिबियनमधल्या सेंट लुसिया बेटावरचं कॅस्ट्रीज गाव, तुम्ही सात वर्षांचे असताना वडील गेलेले, मागे आई आणि पाच मुलगे. तिच्याइतकं शिस्तीचं आणि कष्टाळू माणूस आपण दुसरं पाहिलं नाही, असं तुम्ही लिहिलंत. दोनच ओळी. जगातला सगळ्यात मोठा मान मिळाला असताना तुम्ही त्यात आईला जागा दिलीत. मी ते पान चारदा वाचलं आणि वाचनालयातच रडले.

चौदाव्या वर्षी तुम्ही सरकारी कचेरीत कारकून झालात. तिथं लिहायला, टाइप करायला, फायली लावायला आणि नीटनेटकेपणा शिकलो, असं तुम्ही लिहिलं आहे, जराही संकोच न करता. ते वाचल्यावर प्राध्यापकांच्या 'टायपिंग'चा काटा माझ्या मनातून निघाला. तुम्हाला इंजिनिअर व्हायचं होतं, पण काळ्या इंजिनिअरला ना वसाहतीचं सरकार नोकरी देणार होतं, ना ऊसमळेवाले. तेही तुम्ही एका वाक्यात सांगून पुढे गेलात.

पुढची पदं सगळ्यांना ठाऊक आहेत. मँचेस्टरला प्राध्यापक, वेस्ट इंडीज विद्यापीठाचे कुलगुरू, कॅरिबियन विकास बँकेचे पहिले अध्यक्ष. मला त्यातलं घाना जास्त आवडतं. नव्या स्वतंत्र देशाचे तुम्ही आर्थिक सल्लागार होतात आणि दिखाऊ प्रकल्पांवर पैसा उधळू नका, हे तिथले पंतप्रधान एन्क्रुमा यांना स्पष्ट सांगितलंत. पटलं नाही तेव्हा खुर्ची सोडलीत. सभ्य माणूस खुर्चीवर असताना कसा दिसतो हे आम्ही क्वचितच पाहतो, म्हणून तो दुरून दिसला तरी धीर येतो.

परवा रात्री पोळ्या झाल्यावर आईला ते टिपण मराठीत सांगितलं. तिनं विचारलं, "नाव काय त्या बाईचं?" मी म्हटलं, आयडा. तवा उतरवता उतरवता ती म्हणाली, "पाच पोरं. आयडाबाईंनी पहिल्या दिवशी चूल कशी पेटवली असेल गं?"

आपली कृतज्ञ,
डबेवाल्या बाईंची मुलगी
इचलकरंजी