टेंभूचा माणूस आणि देशभक्तीचा दाखला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘देशाला नावे ठेवणारा लेखक मोठा असेल, पण तो देशभक्त नव्हे’ अशा आशयाचे एका वाचकाचे पत्र गेल्या आठवड्यात आपण छापले. त्यांचा राग मला कळतो. आपल्या घराबद्दल चारचौघांत कोणी वाईट बोलले की कान तापतातच. पण बोलणारा त्याच घरातला असला तर? मी कराडचा, त्यामुळे हे वाचताना मला टेंभू आठवले.

टेंभू म्हटले की हल्ली लोकांच्या डोळ्यांपुढे उपसा सिंचन योजना येते. पण कृष्णाकाठच्या याच गावात १८५६ साली गोपाळ गणेश आगरकर जन्मले. कराडला शिकले, इथल्या मुन्सफ कचेरीत उमेदवारी केली, पुढे शिकता येईल या आशेने पायी रत्नागिरी गाठली. एम.ए. होता होता आईला कळवून टाकले, की मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, पोटापुरते मिळवून बाकी वेळ मी लोकांच्या कामी घालवणार आहे. त्या माऊलीला काय वाटले असेल, हा विचार वर्गात हे शिकवताना दरवेळी माझ्या मनात येई.

हेच आगरकर ‘केसरी’चे पहिले संपादक. कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ होतो आहे म्हणून कारभारी बर्व्यांविरुद्ध मजकूर छापला, ज्या पत्रांवर भिस्त ठेवली ती बनावट निघाली, आणि १८८२ मध्ये टिळकांबरोबर त्यांनाही चार महिन्यांची शिक्षा झाली. पैकी १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढले. सुटून आले तेव्हा लोकांनी डोक्यावर घेतले. तोवर त्यांच्या देशभक्तीबद्दल कोणालाच शंका नव्हती.

मग बालविवाह, केशवपन, सोवळेओवळे, जातिभेद यांवर ते लिहू लागले. १८८७ मध्ये ‘केसरी’ सुटला, १८८८ मध्ये ‘सुधारक’ निघाला, आणि ज्या पुण्याने हार घातले त्याच पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली. माणूस तोच, लेखणीही तीच. तिचे टोक फक्त सरकारकडून आपल्या माजघराकडे वळले होते.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र मी हलका मानत नाही, कारण तो आजही तसाच्या तसा मांडला जातो: परक्यांपुढे घरची लक्तरे का काढायची? आपले दोष आपणच छापून दिले, तर राज्यकर्ता म्हणणार की हे लोक राज्य करायच्या लायकीचेच नाहीत. संमतिवयाच्या कायद्याच्या वेळी, १८९१ मध्ये, वाद नेमका इथे पेटला. टिळक म्हणत, आमच्या घरात परक्या सरकारने कायद्याने हात घालू नये. आगरकर कायद्याच्या बाजूने उभे राहिले. बंगालमध्ये फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली होती. कायदा मागत काय होता, तर मुलीच्या शरीरसंबंधाला संमतीचे वय १० वरून १२ करा, एवढेच. ‘आधी स्वराज्य, मग सुधारणा’ हे तत्त्व म्हणून ठीक असेल, पण स्वराज्य यायला ५६ वर्षे होती. तोवर त्या वयाच्या मुलींनी काय करायचे होते? त्या देशात मोडत नव्हत्या का? आणि आगरकर सरकारचे मिंधे होते असेही नाही. ‘हिंदुस्थानाचे राज्य कोणासाठी?’ हा सवाल ‘सुधारका’नेच इंग्रजांना विचारला होता.

त्यांच्या दुसऱ्या एका निबंधाचे नाव आहे ‘आमचे काय होणार?’. ‘तुमचे’ नव्हे, ‘या लोकांचे’ नव्हे. मला वाटते, पारख करायचीच तर ती इथे करावी: लिहिणारा स्वतःला त्या दोषात धरतो की नाही. अर्थात ही फूटपट्टीही दरवेळी चालत नाही. लोकहितवादींनी, म्हणजे गोपाळ हरी देशमुखांनी, १८४८ पासून ‘प्रभाकर’ या वर्तमानपत्रात १०८ पत्रे लिहिली (तीही, बघा, वर्तमानपत्राला लिहिलेली पत्रेच). त्यांतली काही वाचताना आजही मला राग येतो, इतका तो सूर वरून बोलल्यासारखा आहे. ‘निबंधमाले’च्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी त्यांना झोडपले ते उगीच नाही. पण देशी माल जाडाभरडा असला तरी तोच वापरा, हेही त्याच पत्रांत सापडते, आणि तेव्हा ‘स्वदेशी’ची चळवळ जन्मायची होती.

आमच्या कराडला १९७५ च्या डिसेंबरात साहित्य संमेलन भरले. देशात आणीबाणी. अध्यक्ष दुर्गा भागवत, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे त्याच सरकारातले परराष्ट्रमंत्री. दुर्गाबाईंनी त्या मंडपात आणीबाणीचे विरोधक जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली. पुढे त्यांना अटक झाली ती मुंबईत, एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात. त्यांच्या पुस्तकांतून या देशाची झाडे, ऋतू, लोककथा, महाभारतातली माणसे काढून टाका, मग मागे काय उरते ते पाहा. पत्रलेखकांच्या हिशेबाने त्याही देशभक्तांत बसत नसाव्यात.

आगरकर १८९५ मध्ये गेले, वय अवघे ३८. फर्ग्युसनचे प्राचार्य होते. उशाशी पैशांची एक पुरचुंडी सापडली, आपल्या अंत्यविधीच्या खर्चासाठी बाजूला ठेवलेली.

पत्रलेखक कधी इकडे आले, तर टेंभूला त्यांना मी स्वतः घेऊन जाईन. कराडहून फार लांब नाही.

आपला,
एक निवृत्त मराठी शिक्षक, कराड