डावं पॅडल

शिऱ्या,

तुझे मेसेज बघितले होते, निळ्या टिका तुला पण दिसल्या असणार, तेव्हा शिव्या घालून झाल्या असतील तर पुढं वाच. फोनवर बोललो असतो पण घरात बाबा कुठल्याही दारातून येतात आणि ऑफिसात हा विषय काढायचा नाहीये. तब्येती ठीक. आईचा गुडघा आहे तसाच, माझी शुगर काठावर, पोरगी दहावीच्या नावाखाली लोळतेय.

खंडेनवमीच्या आधीच्या रविवारी नेहमीसारखं ओव्हरऑइलिंग काढलं. खाली पार्किंगमध्ये पोतं अंथरलं, माझी गिअरची आणि बाबांची ॲटलस, दोन्ही सरळ उभ्या केल्या. आणि शिऱ्या, बाबांनी डावं पॅडल उलट्या दिशेनं पिळलं.

तू इथं थांबला असशील. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणेल बरं मग. बायकोला सांगितलं तर ती खरंच म्हणाली, बरं मग. पण नववीत तू तुझ्या बीएसएच्या डाव्या पॅडलच्या पान्यावर उभा राहून नाचलास आणि क्रँकचे आटे खाल्लेस तेव्हा वाड्याच्या चौकात बाबांकडून तुझी जी पूजा झाली ती तुला आठवत नसेल असं होणारच नाही. "सायकलला दोन बाजू असतात, तुझ्या डोक्याला एकच आहे." मग तुझ्या मुठीत पेन्सिल सैल धरायला लावून तिचं टोक गोल फिरवलं होतं, टोक एकीकडं फिरतं आणि मुठीतली पेन्सिल बरोबर उलटी फिरते, म्हणून डावीकडचे आटे उलटे, नाहीतर मारता मारता पॅडल आपोआप सुटून येईल. मला आजही डावं उजवं कळत नाही, मी नुसतं बाबांचं पाठ केलेलं म्हणतो, पाना उभा धर आणि मागच्या चाकाकडं ढकल, दोन्हीकडं सुटतं. (सायकल सरळ उभी असताना! हे पण तू विसरला होतास.)

तर बाबा पुढच्या चाकाकडं ढकलत होते. पान्याला पाइप लावून. मला आधी वाटलं गंमत करतायत, पोरगी शेजारी उभी होती, तिला विचारतील आता काय चुकलं सांग म्हणून. पण नाही. घाम फुटला, म्हणाले, "गंजलंय, जाम झालंय, डिझेल सोड." मी म्हटलं बाबा, मागं. तर माझ्याकडं असे बघितले की मी कुणीतरी तिऱ्हाईत आहे आणि मग एकदम भडकले, मला शिकवतोस का वगैरे. पाना पोत्यावर ठेवला (फेकला नाही, पाना ते कधीच फेकत नाहीत) आणि वर निघून गेले. अर्धी सायकल उघडी टाकून. हे त्यांनी आयुष्यात कधी केलेलं नाही. खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत फर्स्ट शिफ्टला जायचं असलं तरी रात्री बारा वाजता छर्रे भरून, कोन बसवून, चाक फिरवून बघूनच झोपणारा माणूस.

पुढचं सगळं मीच केलं. कुणाला तरी सांगायचंय म्हणून सांगतो, फ्रीव्हील उघडलं नाही, कारण आतले ते तुझे कुत्रे, दात्यांत अडकणारे खटके. छर्ऱ्यांच्या पसाऱ्यात बसून "काका, यातले कुत्रे चावतात का" विचारणारा तू एकटाच. मागच्या हबला दोन्हीकडं नऊ नऊ छर्रे, नवीन घातले. पूर्वी असाच एक आपण गटारात घालवला होता आणि बाबांनी आठवर चालवली होती ती आठवडाभर, आणि त्याचं खापर तू अजून माझ्यावर फोडतोस. तो तुझ्याच हातातून गेला. लिहून देतो, सही करून देतो.

ह्यावर्षी पाऊस पण जायचं नाव घेत नव्हता. भिडे पूल पाण्याखाली गेला की मी झेड ब्रिजवरून जंगली महाराज रोड, तिथून विद्यापीठ आणि औंध. खड्डे बुजवायला टाकलेली खडी परतीच्या पावसात परत रस्त्यावर येते, ती टायरखाली आली की वळणावर पोटात गोळा. आणि सगळीकडं जो सिमेंटचा राडा असतो तो चेनमध्ये जाऊन वाळला की पॉलिश पेपरसारखा काम करतो. चेन मोजली, बारा इंचाच्या जागी बारा आणि एक सोळांश भरली, म्हणजे गेली. अजून थांबलो असतो तर मागची कॅसेट, म्हणजे गिअरची चक्रं, पण घेऊन गेली असती. ब्रेक रबरातून सुईनं ॲल्युमिनियमचे कण काढले, रिमच खरवडून निघालेली. रॉकेल कुठं मिळतंय आता, रंगाच्या दुकानातून टर्पेंटाइन आणलं. आणि ऑइल थेंब थेंब घालून फडक्यानं पुसून घेतलं, तू म्हणतोस तसा डब्ल्यूडी-४० चा फवारा मारला नाही. त्यावर आपलं भांडण व्हायचं ते होऊ दे, ते गंज सोडवायला ठीक आहे, चेनला ऑइल म्हणून नाही, तिकडं हॉलंडात राहतोस म्हणून तुला जास्त कळतं असं नाही.

आता ऑक्टोबरचं ऊन सुरू झालंय. सकाळी गार म्हणून खुशीत निघायचं आणि संध्याकाळी सिग्नलला बसच्या शेजारी उभं राहून शिजायचं. बॅगेत एक शर्ट जास्तीचा. लिफ्टमध्ये माझ्यापासून लोक लांब उभे राहतात, पण बरं वाटतं रे चालवली की, त्या पाऊण तासात कुणी काही विचारत नाही.

हे काय लिहीत बसलोय मी.

पॅडलचं एकदाचं असतं तर मी सोडून दिलं असतं. वय आहे, शहात्तर चालू आहे, दमले असतील. पण दसरा झाल्यावर मंडईत गेले आणि पिशव्या घेऊन चालत आले. सायकल? तर म्हणे पंक्चर झाली, तिथंच लावून आलो. मी संध्याकाळी आणायला गेलो तर फुलवाल्यांच्या बाजूला उभी, कुलूप नाही, दोन्ही चाकं टणक. मी हवा भरून आणली असं घरी सांगितलं. आईनं माझ्याकडं बघितलं आणि काही बोलली नाही, म्हणजे तिला आधीपासून माहितीये.

ताई म्हणते सायकल ताबडतोब बंद करा, विकून टाका, लक्ष्मी रोडवर काही झालं म्हणजे. नाशिकहून सांगायला सोपं आहे. बरोबर पण आहे तिचं. त्याच फोनवर तीच म्हणते आधी बी-१२ आणि थायरॉइड बघून घे, त्यानं पण विसरायला होतं, आपल्या घरात कुणी अंडं पण खात नाही. मग मला उगाच बरं वाटतं, इंजेक्शनं घेतली की झालं. मग रात्री परत तो पाइप लावलेला पाना दिसतो.

सायकल काढून घेतली तर उरतं काय सांग. २०२० ला साहिबाबादचा ॲटलसचा कारखाना बंद पडला, नेमका ३ जूनला, जागतिक सायकल दिनाला, तेव्हा लॉकडाऊन जरा ढिला होताच या माणसानं कुठूनतरी कोन, कोटर पिना आणि ब्रेकचे रॉड आणून ट्रंकेत भरून ठेवले. म्हणे मला पुरतील. ते सगळं अजून तसंच आहे, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, प्रत्येक पुडीवर साइज लिहिलेला.

सध्या मी असं केलंय की मागचं चाक माझ्या बाल्कनीत आहे, आउट, म्हणजे चाकाची डगमग, काढायला दिलंय म्हणून सांगितलं. रोज विचारतात झालं का. आउट काढायला इतके दिवस लागत नाहीत हे त्यांच्याइतकं कुणाला माहितीये? आता माझ्याकडं थापा संपल्यात. गुरुवारी माझ्या शुगरच्या निमित्तानं त्यांना पण लॅबमध्ये घेऊन जातोय, पुढचं डॉक्टर सांगतील.

तुझं काय? आयंधोव्हनला पानं गळायला लागली असतील, ओल्या पानांवर ब्रेक दाबू नकोस, मागच्या वर्षी कोपर फोडून घेतलंस तेवढं बास. घड्याळं मागं गेली की संध्याकाळी अंधारात घरी येशील, मागचा लाल दिवा आहे ना? आपल्याला इथं बिनदिव्याचं आणि डबलसीट पकडायचे ते बरे होते, चाकातली हवा सोडली की सुटका. नवीन मॅनेजरचं काय झालं, आणि वहिनींचा परमनंटचा निकाल लागला का, कळव.

आणि एक काम कर. रविवारी आपल्या दहाच्या सुमाराला बाबांना फोन लाव, तेव्हा पेपर वाचून झालेला असतो. सांग की तुझं पॅडल बदलायचंय आणि डावं सुटत नाहीये. एवढंच. परीक्षा घेतोयस असं वाटता कामा नये, त्यांना लगेच वास येतो. त्यांनी शिव्या घातल्या तर खाऊन घे, नववीतलं काढलं तर फारच चांगलं. आणि चुकीचं सांगितलं तर हो काका म्हण, आणि मला फोन करू नकोस, मेसेज टाक. फोन ते उचलतात.

मिल्या