साहसी दुचाकी घेण्याआधी पार्टच्या काउंटरवर जा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला लांब पल्ल्याच्या साहसी दुचाकींवरचा (अ‍ॅडव्हेंचर बाइक) लेख दोनदा वाचला. ताकद, टॉर्क, स्क्रीन, सगळे होते. घाटात क्लच वायर तुटली तर काय करायचे, ते कुठेच नव्हते. कराडजवळ माझे दुचाकीचे गॅरेज आहे, २६ वर्षे झाली. सप्टेंबरात कासची फुले बघायला निघालेली मुले चेन घट्ट करायला थांबतात, आणि दिवाळीपर्यंत त्यातलाच कुणी येऊन विचारतो, ‘काका, लडाखला जायचंय, कुठली गाडी घेऊ?’

दोन वर्षांपूर्वी माझा पुतण्या दोन मित्रांसह स्पितीला गेला. किन्नौरमध्ये नाकोच्या चढाला त्याच्या २०० सीसी गाडीची क्लच वायर तुटली. निघण्याआधी जुन्या वायरीला लागूनच मी दुसरी ओढून बांधून ठेवली होती. त्याने दोन्ही टोके बदलली आणि पंधरा मिनिटांत गाडी चालू केली. पुढे मित्राच्या महागड्या गाडीच्या रेडिएटरला दगड लागला. इंजिन थंड ठेवणारे कूलंट गळून गेले. गाडी पिकअपमध्ये घालून शिमल्यापर्यंत खाली आणली, तिथून ट्रान्सपोर्टने कराडला. इथे रेडिएटर यायला १९ दिवस लागले. ते १९ दिवस तो मुलगा रोज संध्याकाळी गॅरेजवर येऊन बसायचा. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण पार्टसाठी अशी वाट मी बऱ्याच गाड्यांच्या बाबतीत पाहिली आहे.

असे रेडिएटरवाले वॉटर-कूल्ड इंजिन वाईट, असे माझे म्हणणे नाही. मे महिन्यात खंबाटकीच्या जाममध्ये त्याचा फायदा कळतो. फक्त रेडिएटरपुढे जाळी लावल्याशिवाय खडीच्या रस्त्याला जाऊ नये.

म्हणून मी मुलांना शोरूमआधी पार्टच्या काउंटरवर पाठवतो. क्लच वायर, ब्रेक लिव्हर, ब्रेक पॅड, पुढच्या शॉकअपचे ऑइल सील एवढेच मागा. आज मिळते की ‘ऑर्डर टाकावी लागेल’, ते लिहून आणा. कराडात जे मिळत नाही, ते स्पितीतल्या काझात मिळेल ही आशा धरू नये.

दुसरे, वजन. रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० इंधनासह १९६ किलोची, हीरोची एक्सपल्स २०० ४व्ही १६० किलोच्या आसपास. दोन्हींच्या सीट साधारण ८२५ मिलिमीटर उंच. पाच फूट चार इंचाच्या मुलाचे शोरूमच्या फरशीवर चवडे टेकतात, पण ओढ्यातल्या गोट्यांवर गाडी कलली की तेवढे पुरत नाही. वर वीस किलो सामान असते. माझ्या अंगणात मी जुनी गाडी आडवी घालतो आणि एकट्याने उचलायला सांगतो. इंजिन बंद, गिअर टाकलेला, गाडीकडे पाठ, कंबर सीटला टेकवून जोर पायांचा. उजवीकडे पडली असेल तर आधी साइड स्टँड बाहेर उघडून ठेवायचा, नाहीतर उचलताना पलीकडे जाते. तीनदा उचलता आली तर ती गाडी त्याची.

चाकांचा वाद संपणारा नाही. अलॉय, म्हणजे बिनतारांचे ओतीव चाक, दगडावर आपटले तर वाकते किंवा तडकते. तारांच्या चाकाची आउट, म्हणजे वाकडेपणा, तारा ओढून पुन्हा काढता येते, पण बऱ्याच गाड्यांत त्यात ट्यूब असते. मागे जुलैत कुंभार्ली घाटात मुसळधार पावसात एका गिऱ्हाइकाचे मागचे चाक पंक्चर होऊन बसले. ट्यूब होती, पाने नव्हते, टायर कधी काढलेला नव्हता. चिपळूणहून माणूस येईपर्यंत चार तास तो घाटात उभा होता. तारांचे चाक घेणाऱ्याने आधी घरी दोनदा टायर उतरवून पुन्हा चढवावा. ट्यूबलेस तारांची चाके आता काही मॉडेलांना मिळतात, परवडली तर जरूर घ्यावीत.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी १ एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ (धुराच्या नव्या नियमाची) बघावी. त्या बहुतेक सगळ्या इंजेक्शनच्या आहेत, म्हणजे हवेप्रमाणे पेट्रोल आपोआप मोजून सोडणाऱ्या. कार्ब्युरेटरच्या गाडीला उंचावर हवा विरळ झाली की पेट्रोल जास्त पडते, प्लग काळा होतो, चढाला दम लागतो.

आपल्या पुरवणीने यापुढे गाडीची माहिती देताना पार्टच्या किमती आणि ते जिल्ह्याच्या ठिकाणी किती दिवसांत मिळतात, हेही कंपन्यांना विचारून छापावे, ही विनंती. पुतण्या आता मोठी गाडी घेणार आहे. शनिवारी आम्ही दोघे काउंटरवर जाणार आहोत.

आपला नम्र,
एक गॅरेजचालक, कराड (जि. सातारा)