क्रिएटिनिन एक आहे म्हणतोस?

नागपूर, १८ मे

प्रिय बंड्या,

परवा फोनवर तू ऐटीत म्हणालास, "क्रिएटिनिन एक आहे, किडनीचं टेन्शन नाही." अबे, क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला कचरा, तो किडनी गाळते, म्हणून मीही नऊ वर्षं हेच सांगत फिरलो.

संक्रांतीच्या सुमारास डॉक्टर बदलले. नव्या डॉक्टरीणबाईंनी फाईल चाळली आणि विचारलं, "लघवीतलं अल्ब्युमिन कधी तपासलं?" म्हणजे किडनीतून गळणारं प्रोटीन. कधीच नाही. कुणी लिहूनच दिलं नव्हतं. आपल्या टाईप-टू शुगरमध्ये निदान झालं त्या वर्षापासून दरवर्षी हे बघायचं असतं, कारण क्रिएटिनिन वाढेस्तोवर किडनीचं निम्मं काम बसलेलं असू शकतं. साध्या लघवीच्या पट्टीवर सुरुवातीचं अल्ब्युमिन दिसतही नाही.

सकाळची पहिली लघवी बाटलीत, बाटली डब्याच्या पिशवीत, पिशवी स्कूटरच्या हुकाला. सीताबर्डीच्या सिग्नलवर ती झुलत होती आणि शेजारचा रिक्षावाला विचारतो, "काय आहे जी डब्यात?" हिनं ती पिशवी नंतर फेकूनच दिली.

आकडा आला १४२. तीसच्या आत हवा, तीनशेवर गेला की जास्तच गंभीर. पण बाईंनी लगेच शिक्का मारला नाही. मला तेव्हा ताप होता, अन् तापानं, लघवीच्या इन्फेक्शननंही तो चढतो. पुढच्या तीन महिन्यांत आणखी दोनदा तपासलं: ११८, १२६. मग मानावंच लागलं.

आता टेल्मिसार्टन आणि डॅपाग्लिफ्लोझिन सुरू आहे. पहिली बीपीची, पण किडनीच्या गाळण्यांवरचा दाबही उतरवते. दुसरी शुगरची, तीही किडनीला जपते. पेटंट संपल्यापासून ती खिशाला झेपते. टेल्मिसार्टननंतर दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन १.० चं १.२ झालं, तेव्हा माझी तंतरली होती. बाई म्हणाल्या, सुरुवातीला तीस टक्क्यांपर्यंत चालतं, पोटॅशियम ठीक आहे, गोळी सोडू नका. उलट्या-जुलाब लागले तर मात्र दोन्ही थांबवून फोन करायचा. सावजी महिन्यातून एकदा शिल्लक आहे. लोणचं-पापड गेलं.

आता तुझं. गुडघ्यासाठी मेडिकलमधून आपल्याच मनानं आणतोस ती दुखण्याची गोळी, डायक्लोफेनॅक, बंद कर. बीपीची गोळी, वरून ही, आणि चंद्रपूरचं ऊन. पाणी कमी पडलं तर किडनी एका आठवड्यातही बसू शकते. दुखणं डॉक्टरला दाखव, दुसरं काही देतील.

लघवीच्या त्या तपासणीचं नाव 'अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो' आहे, चिठ्ठीवर तेच लिहून घे. रिपोर्टचा फोटो पाठव, पण अख्खा. मागच्या वेळी जेवणानंतरच्या शुगरवर नेमका तुझा अंगठा होता.

तुझा,
दिल्या