तळघरातले अध्यक्ष

क्विन्सी, मॅसॅच्युसेट्स

तीर्थरूप अप्पांस,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, ‘अमेरिका ख्रिस्ती धर्मावरच उभी राहिली ना?’ तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि उत्तर राहून गेलं.

आमच्या स्टेशनसमोर ग्रॅनाइटचं जुनं चर्च आहे. त्याच्या तळघरात दुसरे अध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांची कबर आहे. सोबत पत्नी अ‍ॅबिगेल, मुलगा आणि सून. चौघांच्या चार दगडी पेट्या. मी परवा हात लावून पाहिला, गार होता दगड. गंमत म्हणजे चर्चखाली निजलेल्या याच माणसाने १७९७ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या त्रिपोलीशी झालेल्या तहावर सही केली. त्याच्या अकराव्या कलमात चक्क लिहिलंय की अमेरिकेचं सरकार कोणत्याही अर्थाने ख्रिस्ती धर्मावर स्थापन झालेलं नाही. सिनेटमध्ये एकानेही विरोध केला नाही. आता चाच्यांपासून जहाजं वाचवायची होती, मुसलमान राज्याशी जमवून घ्यायचं होतं, म्हणून लिहिलं असेल, असं तुम्ही म्हणालच. पण १७८७ च्या राज्यघटनेतही, तारखेतलं ‘आपल्या प्रभूचं वर्ष’ सोडलं, तर देव कुठे नाही. उलट सरकारी पदासाठी धर्माची अट घालायची नाही, असं स्पष्ट कलम आहे. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात ‘निर्माता’ येतो, येशू येत नाही.

राज्यांचा कारभार मात्र वेगळा होता. आमच्याच मॅसॅच्युसेट्सच्या १७८० च्या घटनेप्रमाणे प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकांसाठी गावकऱ्यांकडून कर घेता यायचा. १८३३ पर्यंत हे चाललं! आपल्या नगरला अमेरिकन मिशनवाले आले १८३१ मध्ये, आणि त्यांची मूळ संस्था बोस्टनचीच. म्हणजे आजोबा ज्यांच्या शाळेत शिकले, त्या मिशनवाल्यांनी नगरला बस्तान बसवलं तेव्हा त्यांच्या मुलखात चर्चचा कर अजून सुरूच होता. आणि तो बंद करा म्हणून वर्षानुवर्षं भांडले ते कोणी नास्तिक नव्हते, बाप्टिस्ट होते, पक्के ख्रिस्ती. दुसऱ्याच्या चर्चला आम्ही का पैसे द्यायचे, एवढाच त्यांचा सवाल. मला तर हेच सगळ्यात पटतं. देश उभारणारे बहुतेक ख्रिस्ती होते, पण कोणाचं ख्रिस्तीपण सरकारी ठरवायचं, यावर त्यांचंच जमत नव्हतं.

नोटेवर ‘देवावर आमचा भरवसा’ असतं, हे तुमचं म्हणणं खरं. नाण्यावर ते १८६४ मध्ये आलं, यादवी युद्ध चालू असताना. कागदी नोटेवर थेट १९५७ मध्ये, कम्युनिस्ट रशियाशी चढाओढ होती तेव्हा.

तुमच्या नाण्यांच्या डब्यासाठी १९३५ च्या मालिकेतली एक डॉलरची जुनी नोट घेतली आहे. तिच्यावर ती ओळ नाही, भिंग लावून शोधा. दिवाळीत आणते. आईला सांगा, मेतकूट संपलंय.

तुमची,
मनू