सुमनमावशीची चौथी ग्रंथी

प्रिय दिलीप,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या दोन्ही पत्रांना उत्तर पाठवले नाही, त्याबद्दल आधी क्षमा कर. माझी प्रकृती ठीक आहे, गुडघा पूर्वीसारखाच.

सुमनमावशीच्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया मंगळवारी झाली. आदल्या संध्याकाळी ती फार घाबरली होती, म्हणून मी तिला खात्रीने सांगितले की आपला इंडोसायनिन ग्रीन हा चमकणारा रंग टोचतील आणि कॅमेऱ्यात काखेतल्या रोगट ग्रंथी चमकतील. तो कोडॅकच्या प्रयोगशाळेत तयार झाला आणि १९५९ साली अमेरिकेत औषध म्हणून मान्य झाला, तरी त्याच्या जातीचे रेणू घडवण्यात तुझी-माझी सहा वर्षे गेली, म्हणून 'आपला'.

प्रत्यक्षात तीन ग्रंथी चमकल्या आणि तिन्ही स्वच्छ निघाल्या. चौथी चमकलीच नाही; सर्जनबाईंच्या बोटांना ती टणक लागली म्हणून त्यांनी काढली, आणि रोग तिच्यातच होता.

कारण तुला ठाऊकच आहे. हा रंग कर्करोगाला ओळखत नाही, तो लसिकेबरोबर, म्हणजे शरीरातून ग्रंथींकडे जाणाऱ्या पातळ द्रवाबरोबर, वाहतो. ग्रंथी रोगाने पुरती भरली की तिच्याकडे जाणारी वाट बुजते आणि रंग दुसरीकडे वळतो. हे सारे ठाऊक असूनही मी मावशीसमोर 'रोगट' हा शब्द वापरला. कॅन्टीनमध्ये तू "चमक म्हणजे ओळख नव्हे" असे म्हणालास, तेव्हा मी आठवडाभर तुझ्याशी अबोला धरला होता. (त्या आठवड्यातले चहाचे पैसे मात्र तूच दिले नाहीस, हे माझ्या पक्के लक्षात आहे.)

ओळखणारे रंग आता आले आहेत. फोलेट हे जीवनसत्त्व जोडलेल्या पाफोलासायनिन या रंगाला अमेरिकेत २०२१ साली अंडाशयाच्या आणि २०२२ साली फुप्फुसाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. पण ज्या पेशींवर फोलेटचे ग्राहक, म्हणजे त्याला पकडून ठेवणारी प्रथिने, पुरेसे नाहीत, त्या त्यालाही सापडत नाहीत. शिवाय या रंगांचा, डोळ्यांना न दिसणारा ८०० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश रक्तातून बराच निसटत असला, तरी सेंटीमीटरभर खोलीवरची गाठ कॅमेऱ्याला दिसणे कठीणच.

काल मावशीने विचारले, "तुझ्या रंगाला माझी गाठ का रे दिसली नाही?" मी डबा उघडून तिला पेज वाढली आणि विषय टाळला. आता केमो सुरू होईल, तेव्हाही ती माझ्याच शब्दांवर विसंबेल, आणि हेच मला रात्री झोपू देत नाही.

चिन्मयचे बारावीबद्दल अभिनंदन. नव्या घरी एकदा नक्की येईन.

रविवारी मी तिच्याकडे जाणार आहे. त्याआधी फोन कर. तिला कळेल अशा शब्दांत हे कसे सांगायचे, ते आपण दोघे मिळून ठरवू.

तुझा,
अविनाश