नेक्रॉन नेमके कोणाचे चाकर?

संपादक महोदय, स. न. वि. वि.

‘वॉरहॅमर ४०,०००’ हा छोट्या सैनिक-मूर्तींचा टेबलावरचा युद्धखेळ खेळणाऱ्यांत ‘खेळामागची खरी कथा कोणती’ यावरून हमरीतुमरी होते, तेव्हा बहुधा दोघांनी वेगवेगळ्या सालांची पुस्तके वाचलेली असतात. २००२च्या कोडेक्समध्ये, म्हणजे एकेका सैन्याची कथा आणि नियम सांगणाऱ्या पुस्तकात, यंत्रदेही नेक्रॉन हे सी’टान नावाच्या ताराभक्षक देवांचे मुके चाकर होते. २०११च्या कोडेक्सने डावच उलटवला. नेक्रॉनांनीच बंड करून त्या देवांचे तुकडे केले, ते कोंडून ठेवले. शिवाय घराणी, सरदार, हेवेदावे असा अख्खा दरबार उभा राहिला. दोन्ही पुस्तके अधिकृतच! मानवजातीच्या सम्राटासाठी बंडखोर सेनानी होरसपुढे एकटा उभा राहिलेला वीर तर कुठे साधा शिपाई, कुठे टर्मिनेटर (जड चिलखतातला योद्धा), कुठे कस्टोडियन (सम्राटाचा अंगरक्षक).

म्हणून मोहीम, म्हणजे एका कथेत गुंफलेली सामन्यांची मालिका, सुरू करण्याआधी कोणत्या सालच्या कोडेक्सची कथा धरायची, ते कागदावर लिहून सर्वांची संमती घ्यावी. नियम मात्र चालू आवृत्तीचेच ठेवावेत. जुन्या कथेचा दाखला देऊन एखाद्या तुकडीला जादा ताकद दिली की दोन्ही सैन्यांचे बळ समान ठेवणारा पॉइंट्सचा हिशेब कोलमडतो.

स्वतःची कथा रचायची असेल तर अल्ट्रामरीन्ससारख्या नावाजलेल्या चॅप्टरला (सम्राटाच्या ‘स्पेस मरीन’ योद्ध्यांच्या स्वतंत्र दलाला) हात न लावता त्याच्यापासून निघालेला नवा उत्तराधिकारी चॅप्टर काढावा. साधारण हजार सैनिक, शंभरांच्या दहा कंपन्या. खांद्यावरचे चिन्ह आपले, रंगही आपले. मग ‘चिलखताची छटा चुकली’ म्हणणार कोण? चॅप्टरांच्या आधीच्या मोठ्या सैन्यांपैकी दुसरे आणि अकरावे लीजन तर खेळाच्या कर्त्यांनी मुद्दामच कोरे ठेवले आहे. तिथे पुरावे कसले शोधता!

– एक वाचक